अर्धी करंजी

सणासुदीत बेतानं खावं, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-एक वर्षं शिकवलं, त्यामुळं सांगायची सवय हाडीमांसी खिळलेली. समोरचा ऐकतोय की नाही हे बघायची सवय मात्र कधी लागली नाही. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत दिवाळीच्या फराळाची ताटं या घरातून त्या घरात फिरायची तेव्हा मला बघून शेजारणी हसत म्हणायच्या, "बाई आल्या, शंकरपाळे झाका." मलाही ते आवडायचं. आपला धाक आहे असं वाटायचं. कोणी चौथा लाडू उचलला की माझा हात आपोआप पुढं व्हायचा. तुपाचं वजन, साखरेचं वजन, वय, गुडघे, सगळं मी एका दमात ऐकवायची.

आता मी कोणाला काही सांगत नाही. परवा एका शेजारणीनं विचारलं, "बाई, यंदा रागावला नाहीत." मी नुसती मान हलवली. का रागावले नाही ते सांगायचं तर भाऊबीजेपासून सुरुवात करावी लागेल, आणि त्याच्याही मागं जावं लागेल.

आम्ही तीन बहिणी आणि एक भाऊ. मी थोरली. मधली सिल्लोडला दिली, तिच्या घरी कापूस-मक्याचा व्यापार. तिसरी चितेगावला, नवरा तिथल्याच एका कंपनीत. भाऊ आमच्या तिघींच्या पाठीवरचा, हर्सूलला वडिलांच्या घरात राहिलेला. आम्ही त्याला भैया म्हणायचो. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी भैयाच. मी त्याची आक्का, सिल्लोडची ताई आणि चितेगावची बाई.

बहात्तरच्या दुष्काळात तो सात-आठ वर्षांचा होता. विहिरीला पाणी नव्हतं, शेतात काडी नव्हती, वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. आम्ही रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी खायचो. लाल, चिवट, घशाखाली उतरायला पाणी लागायचं आणि पाणीही लांबून आणावं लागायचं. त्या दिवाळीला आईनं कुठून तरी वाटीभर साखर मिळवली आणि चार करंज्या केल्या. चारच. सारणात खोबरं नावाला, बाकी भाजलेलं पीठ. पोरं चार, करंज्या चार. पण भैयाची करंजी दोन घासांत संपली आणि तो आमच्या हातांकडं बघायला लागला. रडला नाही, मागितलं नाही, नुसता बघत बसला. तेव्हा आम्ही तिघींनी आपापली करंजी मोडून अर्धी त्याला दिली. मला वाटतं पहिल्यांदा सिल्लोडचीनं दिली, तिचा जीव तसाच. मग चितेगावचीनं. मग मला द्यावीच लागली. मी मोडताना अशी मोडली की मोठा भाग माझ्याकडं राहिला.

पोरगं लहान असलं तरी डोळस होतं. तीन अर्ध्या शेजारी शेजारी मांडून बघितल्या आणि म्हणाला, "आक्काची अर्धी बारकी हाय."

हे वाक्य त्यानं जन्मभर सोडलं नाही. लग्नात मी आहेर केला तर, "बघू, आक्काची अर्धी बारकीच असंल." माझ्या घरी जेवायला बसला आणि मी भात कमी वाढला की तेच. सगळे हसायचे, मीही हसायची, पण आत कुठंतरी ते टोचायचं. बारा-तेरा वर्षांच्या भुकेल्या पोरीनं केलेली लबाडी साठीपर्यंत लोकांच्या तोंडी राहावी, याचा राग यायचा. त्याच्या मनात काही नव्हतं हे आता कळतं. त्याला ती तिन्ही अर्ध्यांची आठवण काढायला आवडायचं, एवढंच.

मोठेपणी भैया वीज खात्यात वायरमन झाला. वायरमन म्हणजे गल्लोगल्ली ओळखीचा माणूस. ज्याच्या घरचा दिवा त्यानं लावला त्याच्या घरची वाटी त्याच्यापुढं आलीच. ईदला शीरखुर्मा, संक्रांतीला तिळाची पोळी, दसऱ्याला पुरण, गणपतीत मोदक. कोणाला नाही म्हणायला त्याला जमायचंच नाही. "आपण नाय म्हणलं की माणसाचं तोंड उतरतं, आक्का. ते बघवत नाय," असं म्हणायचा. पंचेचाळिशीत साखर निघाली. गोळ्या झाल्या, मग इंजेक्शन आलं, सकाळ-संध्याकाळ पोटाला टोचून घ्यायचं. डॉक्टर म्हणाले, सणाला थोडं खाल्लं तर चालेल, पण प्रमाणात.

ते 'प्रमाणात' आम्ही तिघींनी आपापल्या घरी ठरवलं. अर्धी करंजी. दुष्काळातली तीच अर्धी, आता पथ्याची झाली. भाऊबीजेला तो सकाळच्या गाडीनं सिल्लोडला जायचा, दुपारी तिथं जेवायचा, मग शहरात येऊन पैठण रस्त्यानं चितेगावला, तिथं चहा-फराळ, आणि दिवेलागणीला माझ्याकडं मुकुंदवाडीला. रात्रीचं जेवण माझ्याकडं, कारण मी थोरली. सिल्लोडची म्हणायची मी अर्धीच दिली. चितेगावची म्हणायची मी अर्धीच दिली. मीही अर्धीच द्यायची, आणि वर वाटीभर बासुंदी, कारण वर्षाचा दिवस. प्रत्येकीनं आपल्या ताटापुरतं बघितलं. त्या एका दिवसात त्याच्या पोटात काय काय जातं याचा विचार कोणी केला नाही. रस्त्यात भेटणाऱ्या ओळखीच्या घरांचा तर नाहीच नाही.

मग एका पावसाळ्यात त्याच्या उजव्या पायाचं करंगळीजवळचं बोट काढावं लागलं. जखम भरलीच नाही. खांबावर चढणारा माणूस, कातड्याची मऊ चप्पल घालून हळूहळू चालायला लागला. दवाखान्यात पलंगावर बसून तो पट्टी बांधलेल्या पायाकडं बघत होता आणि माझ्या डोक्यात एकच विचार, आता पुढचं बोट, मग पाऊल, मग पाय. मी घरी आले ती ठरवूनच.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी दोघींना फोन केले. यंदा भैयाला एकीनंही गोड द्यायचं नाही. अर्धीसुद्धा नाही. चिमूटभर नाही.

चितेगावची म्हणाली, "बरं आक्का." तिला मी लहानपणी पाढे शिकवले, ती मला कधी उलट बोलली नाही. सिल्लोडची मात्र अडून बसली.

"आक्का, वर्षाचा एक दिवस. अर्धीनं काय व्हतंय?"

"बोट गेलंय त्याचं. आता पाय जायची वाट बघायची का?"

"पण भाऊबीजंला तोंड गोड केल्याबिगर भावाला उंबऱ्याबाहेर पाठवत नसतेत. मायनं काय सांगितलं व्हतं?"

"मायच्या वेळंला घरातबी साखर नव्हती अन् अंगातबी नव्हती," मी म्हटलं. "ऐक माझं."

ती गप्प झाली. गप्प झाली म्हणजे कबूल झाली असं मी धरलं. वर्गातही मी तसंच धरायची. आणखी एक गोष्ट मी दोघींना बजावली, की भैयाला आधी कळू द्यायचं नाही. कळलं तर तो हिरमुसून यायचाच नाही. तिन्हीकडं गेल्यावर कळेल, रागावेल, मग समजेल. हे सगळं मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

भाऊबीजेच्या दिवशी तो माझ्याकडं आला तेव्हा पाच वाजले असतील. अंगात नवा सदरा, खांद्याला पिशवी. मी स्वयंपाकघरात बाजरीचं पीठ मळत होते. भाकरी, वांग्याची भाजी, मेथीची पातळ भाजी, ताक, असा बेत. पुरण नाही, बासुंदी नाही. ओवाळणीचं ताट देवापुढं तयार होतं, निरांजनात वात घातलेली, फक्त दिवे लागायची वाट. एरवी भैया आला की सरळ चुलीपाशी यायचा, झाकणं उचलून बघायचा, मी हातावर मारायची. त्या दिवशी तो बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिला. मला वाटलं, दोन्हीकडं गोड मिळालं नाही, म्हणून रुसलाय. मला जरा गंमतही वाटली.

थोड्या वेळानं बाहेरून त्याचा आवाज आला, "आक्का, कायतरी गोड दे गं."

"यंदा गोड नाही. ओवाळलं की जेवायला वाढते."

"थोडं दे."

"नाही म्हटलं ना."

"अर्धी दे. तुझी बारकी अर्धी दे."

मी पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आले. पंखा चालू होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. नव्या सदऱ्याची कॉलर भिजून गेली होती. हे मी बघितलं. बघितलं नाही असं आजपर्यंत सगळ्यांना भासवत आले, पण बघितलं होतं. मला वाटलं उन्हातून पायी आला असेल. आणि खरं सांगायचं तर त्या 'बारकी अर्धी'नं माझं डोकं फिरलं होतं. मी बोलायला सुरुवात केली. वय काय, पायाची काय गत, बायको-पोरांचा विचार नाही, जीभ आवरत नाही, म्हाताऱ्या बहिणीनं अजून किती दिवस मागं लागायचं. मी कमरेवर हात ठेवून, पूर्वी वर्गात उभी राहायची तशी उभी होते. तो माझ्याकडं बघत होता, पण ओळख नसलेल्या माणसाकडं बघावं तसा. मग पुटपुटला, "मायला सांगतो. माय देती."

आई जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. मला वाटलं टोमणा मारला. आई असती तर दिलं असतं, तू नाही देत, तू बारक्या हाताची. माझ्या तोंडून निघून गेलं, "जा मग मायकडंच."

भाऊबीजेच्या दिवशी, ओवाळणीचं ताट देवापुढं तयार असताना, मी माझ्या भावाला हे म्हटलं.

तो उठला. चप्पल घालायला त्याला वेळ लागला, डाव्या पायाची उजव्यात घालत होता. मला वाटलं मुद्दाम वेळ काढतोय, मी बोलावीन म्हणून थांबतोय. मी बोलावलं नाही. तो जिना उतरून गेला. कोपऱ्यावरून परत येईल, असं मनाशी म्हणत मी पुन्हा परातीपाशी बसले. पीठ वाळायला लागलं होतं, पाण्याचा हात लावून परत मळलं.

बसथांबा एकीकडं आणि तो गेला दुसरीकडं, रेल्वे स्टेशनाच्या वाटेला. आमचं मुकुंदवाडीचं स्टेशन छोटं, सणाच्या दिवशी तिथं फारसं कोणी नसतं. दोन तासांनी मी भाकरी थापत असताना मला फोन आला तो त्याच्याच फोनवरून, पण आवाज परका. मी धावत गेले तेव्हा तो बाकावर एका अंगावर कलला होता आणि भोवती चार-सहा माणसं. एक जण म्हणत होता, "चढ गई चाचा को, त्योहार है ना." दुसरा एक वाकून वास घेत म्हणाला, "पर बू तो नहीं आ रही." बराच वेळ सगळ्यांनी त्याला दारू प्यायलेला समजून तसाच पडू दिला होता. वास घेणाऱ्या त्या रिक्षावाल्यानंच त्याला उचलून रिक्षात घातलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. घामानं सगळं अंग थंडगार. माझ्या हाताला अजून बाजरीचं पीठ होतं, ते त्याच्या केसांना लागलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि पळापळ सुरू झाली. हर्सूलहून भावजय आली. डॉक्टरनं विचारलं, इंजेक्शन किती घेतलं होतं? भावजय रडत रडत जे बोलली त्याचा शब्दन् शब्द मला आठवतो.

"वाढवूनच घेतेत हे भाऊबीजंला. सकाळी वाढवून घेतलं, अन् संध्याकाळचं संगं नेलं. म्हणले, तिघीबी खाऊ घालत्यात, लोड वाढणार हाय. लोड वाढणार आसल तर तार आधीच जाड टाकावी लागती. दरसाली तसंच करतेत. मी म्हणलं नका करू, तर म्हणले, बहिणींना नाय म्हणायचं का मी?"

डॉक्टरला तार आणि लोड काही कळलं नाही. मला कळलं. दर वर्षी आमच्या तीन अर्ध्या आणि एक बासुंदी पचवायची म्हणून तो आधीच जास्तीचं औषध टोचून घरातून निघायचा. आम्हाला नाही म्हणावं लागू नये म्हणून. त्या वर्षीही तसाच निघाला. संध्याकाळचंही चितेगावहून निघताना वाढवूनच घेतलं असणार, कारण आता आक्काकडं जायचं, बासुंदी असणार. आणि तिन्ही घरी मी गोड बंद केलेलं. साखर वाढली नव्हती त्याची. पार तळाला गेली होती.

डॉक्टरनं पुढं विचारलं, "शेवटचं काय खाल्लं? काही मागत होते का? असं झालं की माणूस गोड मागतो, चिडतो, असंबद्ध बोलतो."

भावजय माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडं आला आणि लगेच गेला. काही बोलला नाही."

तो पाच दिवस तसाच होता. शुद्धीवर आला नाही. सहाव्या दिवशी सकाळी गेला.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, काय झालं? आणि घरातले सांगायचे, साखरेनं गेला. ते ऐकून लोक मान हलवायचे. साखरेनं गेला म्हणजे साखर वाढून गेला, खाण्यावर ताबा नव्हता, असंच सगळ्यांनी धरलं. कोणी खोटं बोललं नव्हतं. भावजयीनं मला बाजूला घेऊन हात जोडले, "आक्का, इंजेक्शनाचं कोणाला सांगू नका, लोक म्हणतील बायको असून ध्यान दिलं नाय." मी म्हटलं नाही सांगणार. तिच्यासाठी गप्प बसतेय असं मी स्वतःलाही सांगितलं. तिच्या पदराआड मी लपले होते हे तिला कुठं माहीत होतं!

दहाव्याला सिल्लोडची मला घरामागं, न्हाणीच्या भिंतीपाशी घेऊन गेली. डोळे सुजलेले. माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "आक्का, मी पाप केलं. तू नाय म्हणलं व्हतंस, पर मला ऱ्हावलं नाय. जाताना त्याच्या हातावर अर्धी ठिवली. म्हणलं आक्काला सांगू नको. त्यानं गाडीच्या खिडकीतून खाऊन दाखवली मला. हसला लई. माझ्या अर्धीनंच साखर वाढली, व्हय ना? मीच मारलं त्याला."

तेव्हा सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. साखर वाढली नव्हती, कमी झाली होती. तुझ्या अर्धीनं काही झालं नाही. पण ते सांगितलं की तिनं पुढचं विचारलंच असतं. कमी झाली तर तुझ्याकडं आला तेव्हा कसा होता? काय म्हणाला? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "असं मनात आणू नये."

मनात आणू नये. म्हणजे तुझंच चुकलं, पण विचार करू नको. असाच त्याचा अर्थ तिनं घेतला असणार.

त्या दिवसापासून तिनं गोड सोडलं. कोणाला सांगितलं नाही, पण सोडलं. पुढच्या वर्षी सणच नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या मुलीच्या लग्नात मी बघितलं, पंगतीत जिलबी आली तशी तिनं ताटावर आडवा हात धरला. चहाही बिनसाखरेचा. पाडव्याला, दसऱ्याला, नातवाच्या बारशाला, कुठंच नाही. बायका तिचं कौतुक करायच्या, "बघा, काय पथ्य आहे! याला म्हणायचं जिभेवर ताबा." एकदा माझ्या शेजारणीनं मलाच म्हटलं, "बाई, तुमची बहीण तुमच्यावर गेली हो." ती वाळत चालली होती. गालाची हाडं वर आली. प्रत्येक ताटाशी ती हात आडवा धरायची आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं आता सांगावं. चार दिवाळ्या मी असंच वाटून घेत काढल्या. शिक्षा एकीची आणि भोगतेय दुसरी, हे मला रोज दिसत होतं. तरी माझी जीभ उचलत नव्हती, जी त्या दिवशी एवढी चालली होती.

गेल्या भाऊबीजेला ती माझ्याकडं आली. चितेगावचीकडं पाहुणे होते, म्हणून आम्ही दोघीच. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. भैया गेल्यापासून आम्हीही तेच करतो. बीजेचा चंद्र फार थांबत नाही, दिवे लागेपर्यंत दिसला तर दिसला, लगेच कलतो. म्हणून आम्ही वेळेआधीच गच्चीवर गेलो. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि नैवेद्याला एक करंजी. पश्चिमेला घरांच्या टाक्यांच्या वर बारीक कोर दिसली. तिनं ओवाळलं, मी ओवाळलं. मग ती करंजी उचलून सवयीनं मोडायला गेली आणि तिचा हात थांबला. ती तिथंच खाली बसली आणि म्हणाली, "चार वर्षं झाली आक्का, पर अजून तो गाडीच्या खिडकीत हसताना दिसतो. तोंडाला सारण लागलेलं."

मी तिच्यासमोर गच्चीच्या फरशीवर बसले आणि सांगितलं. इंजेक्शनाचं, लोड आणि तारेचं, डॉक्टर काय म्हणाले ते. साखर वाढली नव्हती, तळाला गेली होती. त्याला गोड मिळालं असतं तर तो वाचला असता. तो माझ्याकडं येऊन गोड मागत होता. घाम आलेला मी बघितला होता. 'तुझी बारकी अर्धी दे' म्हणाला होता. आणि मी काय म्हटलं तेही सांगितलं, तो शेवटचा शब्दही, मायकडंच. मी मधे थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा कधी झालं नसतं.

खालच्या गल्लीत पोरं फटाके उडवत होती. मला वाटलं आता ती मला बोलेल, वाट्टेल ते बोलेल, आणि बोलावंच असं वाटत होतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या अर्धीनं कायबी झालं नाय?"

"नाही."

"उलट तेवढीच त्याच्या कामी आली आसल."

"हो," मी म्हटलं.

"मंग तेवढी माझी अर्धी तरी त्याच्या पोटात व्हती," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. त्याच्या दहाव्यालाही ती अशी रडली नव्हती.

मग तिनं डोळे पुसले, ताटातली करंजी घेतली आणि मोडली. अर्धी तोंडात घातली. चार वर्षांनी गोड खात होती, सावकाश, एकेक घास चावून. दुसरी अर्धी तिनं परत ताटात, चंद्राकडच्या कडेला ठेवली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मी मागितली नाही.